चार ओळींची फाइल

"दादा शेवटचा आला होता ना, त्या दिवसाच्या फाइलमध्ये चारच ओळी आहेत," नवरा म्हणाला. मी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसले होते, कारण कपाचा कान बोटांत धरला तर तो कधी सुटेल याचा हल्ली भरवसा नसतो. मनगटांवर रात्री झोपताना बांधायचे पट्टे अजून तसेच होते. तो बोलला नेहमीसारखं जरा मोठ्याने. ऐकू येणं बंद होऊन अकरा वर्षं झाली; आवाज किती लावायचा हे माणूस कानाने ठरवतो, आणि तोच नसला की सगळं अंदाजपंचे. शेजाऱ्यांना आमच्या घरातली अर्धी भांडणं तोंडपाठ असतील, त्याच्या बाजूची अर्धी. माझी अर्धी मी टाइप करते. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तारीख, आणि खाली चार ओळी. दादांची तब्येत बरी आहे. औषध बदललंय. जुन्या गोष्टी काढतायत. तुझी फार आठवण येते म्हणतायत. "दोन तास बसला होता तो," नवरा म्हणाला. "जुन्या गोष्टी म्हणजे कोणत्या?" त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसती उत्सुकता होती, आणि तीच मला बघवेना. मी दोन्ही हात वर करून पट्टे दाखवले, खिडकीकडे बोट केलं, मग बोट खाली आणलं: संध्याकाळी. "हां हां, संध्याकाळी सांग, घाई नाही," तो म्हणाला आणि माझा कप विसळायला घेऊन गेला. चहा अर्धा राहिला होता, पण मी त्याला थांबवलं नाही.

आमच्या घरात बोलणं म्हणजे असं: तो तोंडाने बोलतो, मी बोटांनी उत्तर देते. जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या डबीशेजारी, लॅपटॉप कायमचा उघडा. अक्षरं लांबून वाचता येतील एवढी मोठी. कोणी आलं-गेलं तर ते काय बोलतात तेही मीच टाइप करते. चव्वेचाळिसाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या तापात त्याचं ऐकणं गेलं. यंत्रं झाली, मोठे डॉक्टर झाले, त्याहून मोठे झाले. नस मेली आहे म्हणाले, आणि मेलेल्या नसेपुढे कुणाचं काही चालत नाही. तो चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात काम करतो. तिथे यंत्रांच्या घरघरीत कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे त्याचं काही अडलं नाही. अडलं ते घरात. सुरुवातीला आम्ही दोघं हातवाऱ्यांची भाषा शिकायला जायचो. आठ आठवड्यांत सोडलं. गरजच काय, असं वाटलं. बायको पट्टीची टायपिस्ट, तिचं पोटच त्यावर; मग या वयात हात नाचवत कशाला बसायचं? आज वाटतं, चूक तिथूनच सुरू झाली. फोनला ऐकून लिहायला सांगूनही पाहिलं. एकटा माणूस बातम्या दिल्यासारखा बोलला तर फोन लिहितो, पण घरात कोण तसं बोलतं? दादा तर मुळीच नाही. चार दिवसांत फोन पुन्हा नुसता फोन झाला, आणि कान म्हणून मी राहिले.

नोकरीही तीच आहे. एका मोठ्या सरकारी इमारतीत लोकांच्या तक्रारींच्या, हरकतींच्या सुनावण्या चालतात. सभागृहात मोठा पडदा आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तिथे बोललेला शब्द न् शब्द त्या पडद्यावर उमटला पाहिजे, आणि तो उमटवणाऱ्या आम्ही सहा जणी. आमच्या पदाचं कागदावरचं नाव चांगलं दीड ओळीचं आहे. इमारतीतले शिपाई-कारकून आम्हाला पडदेवाल्या म्हणतात, आणि तेच सोपं आहे. पडदेवालीचा नियम एक. कापायचं नाही, जोडायचं नाही. बोलणारा अडखळला तर अडखळणंही टाइप करायचं, मूर्खासारखं बोलला तर मूर्खपणा टाइप करायचा. आपलं शहाणपण आपल्यापाशी. नव्याने लागलेल्या मुलींना हे मी शिकवते, आणि जरा जास्तच ठसक्यात शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सवयीने घरचंही मी तारखा घालून साठवत गेले. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं. चार महिन्यांपूर्वी दादा गेले, माझे मोठे दीर, नवऱ्याचा एकुलता एक भाऊ. हा रडला नाही. बाकीचे रडत होते त्यांच्याकडे काचेपलीकडून बघितल्यासारखा बघत उभा होता. महिन्याभराने एका सकाळी बघते तर लॅपटॉपमध्ये 'दादा' हा शब्द शोधत बसलेला. एकोणीस फाइली निघाल्या. "अकरा वर्षांत एकोणीस वेळा आला," तो म्हणाला, "हे म्हणजे फारच कमी." मग तो त्या वाचू लागला, सुट्टीच्या दिवशी एक, कधी मधल्या वारी एक, पुरवून पुरवून. सुरुवातीच्या फाइली वीस-वीस पानांच्या आहेत. दादांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. एखादी नदी उगमापासून निघाली की मुखापर्यंत नेल्याशिवाय ते दम घ्यायचे नाहीत, आणि मी ती सगळी वळणं टाइप करायची. नवरा वाचताना मध्येच हसायचा, मध्येच चष्मा पुसायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि फाइली मोजायचे. पंधरा झाल्या, सतरा झाल्या. एकोणिसावी येणार हे मला ठाऊक होतं. आली ती आज सकाळी.

कामावर मी चालत जाते, वीस मिनिटं. चालताना हात मोकळे सोडायचे असतात, खांदे सैल, असं फिजिओबाईंनी सांगितलंय. सकाळच्या वेळी अंगठा आणि शेजारची दोन बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी असतात. त्यानंतरचं बोट अर्धं माझं, अर्धं परकं. करंगळी तेवढी मजेत. मनगटात एक अरुंद बोगदा असतो म्हणे, त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस जाते. दोऱ्या सुजल्या की नसेला जागा उरत नाही. "दबली आहे, मेलेली नाही," डॉक्टर म्हणाले होते, आणि मला एकदम नवऱ्याच्या कानाची आठवण होऊन हसू आलं होतं. एका घरात एक मेलेली नस आणि एक दबलेली. आधी मुंग्या आल्या. मग पहाटे हात पेटल्यासारखा व्हायचा आणि मी अंथरुणात बसून तो झटकत राहायचे. मग वस्तू पडू लागल्या. किल्ली, चमचा, एकदा काचेची बरणी. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. कीबोर्ड खाली घ्या, मनगट वाकवू नका, ते हवेत सरळ राहिलं पाहिजे. दर थोड्या वेळाने थांबा, झोपताना पट्टा बांधा, दिवसाही दुखलं तर बांधा. तेवढ्याने भागलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया, एक हात झाला की दुसरा. पण मग काही आठवडे टायपिंग बंद. मी म्हटलं, हे वर्ष जाऊ दे. "मग असं समजा," ते म्हणाले, "की तुमच्या हातांत दिवसाचे ठरावीक तास आहेत. कुठे घालवायचे ते तुम्ही ठरवा." मी ठरवलं. आधी नोकरी, उरले तर घर. माझ्या जागी कोणीही असंच ठरवलं असतं, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते दुसऱ्याच कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतं.

घरातलं बोलणं मी एकदम कापलं नाही. आधी मधले शब्द गेले, 'बरं का', 'अगं', 'तर काय झालं'. मग कुणाचा विनोद असला तर नुसतं 'गंमत सांगतायत'. मग एक दिवस पाहुण्यांसमोर मी टाइप केलं, 'विशेष काही नाही', आणि आठवड्याभराने, 'नंतर सांगते'. पहिल्याच वर्षी नवऱ्याने मला सांगितलं होतं, की बाकी काहीही कर, ही दोन वाक्यं मला कधी दाखवू नकोस. सगळं जग मला तेच सांगतं. विशेष काही नाही, नंतर सांगतो. विशेष काय ते मला ठरवू दे की. दहा वर्षं मी ती दोन वाक्यं टाइप केली नाहीत, याचा मला केवढा अभिमान होता. आणि ती टाइप केली तेव्हा त्याने ती वाचली. पट्टा बांधलेल्या माझ्या हाताकडे त्याने बघितलं आणि मान डोलावली. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला असता तर मीही भांडले असते, आणि भांडण तरी मी पूर्ण टाइप केलं असतं.

आज सुनावणी बसथांब्याची होती. एका रस्त्यावरचा थांबा काढून पुढच्या चौकात न्यायचा, त्यावर हरकती. आम्ही दोघी-दोघी बसतो, वीस वीस मिनिटांच्या पाळीने. माझ्या जोडीदारणीला मी मनातल्या मनात घड्याळ म्हणते. विसावं मिनिट भरलं की तिचा हात खांद्यावर पडतो, अर्धं वाक्य असलं तरी. माझ्या पाळीत एक म्हातारी बाई बोलायला उठली. हातात काठी, अंगावर कोणीतरी उसना दिलेला कोट. पहिल्या रांगेत तिचा नवरा असावा, पडद्याकडे मान वर करून बसलेला. त्याला ऐकू येत नव्हतं हे कळतच होतं. बाईला सांगायचं होतं एवढंच, की पुढचा चौक लांब पडतो. पण ते तिला सरळ सांगता येईना. "म्हणजे कसं," ती म्हणाली, "म्हणजे, आम्ही दोघं, म्हणजे हे माझा हात धरतात, आणि मी, म्हणजे मी गाडीचा आवाज आला की ह्यांचा हात दाबते, म्हणजे थांबा असं." मी सगळे 'म्हणजे' टाइप केले. तर्जनीखाली बटण येतंय की नाही ते कळत नव्हतं, म्हणून कीबोर्डकडे बघावं लागत होतं, जे मी तीस वर्षांत केलं नव्हतं. तळहातातून कोपरापर्यंत तार तापल्यासारखी होत होती. बाई पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली आणि मीही पुन्हा तिच्याबरोबर. खांद्यावर हात पडला. मी मान हलवून नको म्हटलं. "अगं, वेळ झाली," घड्याळ कुजबुजली. मी टाइप करत राहिले. म्हातारा पडद्यावर बायकोचे 'म्हणजे' वाचत होता आणि हसत होता, आणि ती बोलता बोलता त्याच्याकडे बघून ओशाळत होती. त्या अनोळखी बाईचे चौदा 'म्हणजे' मी पडद्यावर आणले. बसथांब्यासाठी. आणि दादांना चार ओळी.

पाळी संपल्यावर मी मागच्या खुर्चीवर जाऊन हात लोंबते सोडले, आणि मग दादांच्या शेवटच्या भेटीची दुपार डोळ्यांपुढे आलीच, कितीही म्हटलं येऊ नको तरी. सुट्टीचा दिवस. आदल्या आठवड्यात ओळीने चार सुनावण्या झालेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दिवसभराची एक. मी उजव्या हाताला पट्टा घट्ट बांधून तो मांडीवर ठेवला होता, पुरवून ठेवल्यासारखा, आणि एकट्या डाव्या हाताने टाइप करत होते. दादा टेबलाच्या पलीकडे. ते नेहमी माझ्याकडे बघून बोलायचे, सगळेच तसं करतात. ज्याच्याशी बोलायचं तो पडद्याकडे बघत असतो, मग बघायचं कुणाकडे? तब्येत झाली, औषध झालं. मग दादा थांबले, पाणी प्यायले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची वळवून सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "तुला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी येणं कमी केलं ते गुडघ्यामुळे नाही. गुडघा नंतर दुखायला लागला. तुझ्याशी बोलायचं म्हणजे थांबावं लागायचं. मी बोलणार, ही लिहिणार, तू वाचणार. तोवर माझं मलाच नकोसं व्हायचं. लहानपणी अंधारात पडून बोलायचो आपण, दिवा विझल्यावर. तसं आता कधीच होणार नाही, याचा मला राग यायचा. तो मी तुझ्यावर काढला. तू बहिरा झालास आणि मी तुला टाकलं, असंच झालं ते." आणखी बोलले. पाच मिनिटं, कदाचित दहा. आवाज खाली गेला होता, शब्द एकमेकांत अडकत होते. मला सगळं ऐकू येत होतं. माझा डावा हात कीबोर्डवर होता आणि मी विचार करत होते, की आता हे सगळं टाइप करायचं तर पट्टा सोडावा लागेल, आणि उद्या दहा वाजता काय? दादा काय, परत येतीलच. तेव्हा नीट लिहू, ह्याला रात्री सावकाश सांगू. आणि मी डाव्या हाताने टाइप केलं, जुन्या गोष्टी काढतायत.

नवऱ्याने वाचलं आणि तो हसला. मनापासून, मान मागे टाकून. "ह्याला दुसरं येतंय काय!" तो म्हणाला. "शाळेत तेच, घरी तेच. कधी सुधारणार नाही हा." दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तसेच थांबले. त्यांनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कीबोर्डकडे बघत होते. मग दादाही हसले, आधी थोडं, मग भावाच्या सुरात सूर मिळवून. "लिहिलंस ना गं सगळं?" त्यांनी मला विचारलं. "लिहिलं, दादा." "मग झालं तर," ते म्हणाले. निघताना दारात बूट चढवता चढवता म्हणाले, "फार आठवण येते म्हणावं ह्याची." समोर उभ्या असलेल्या माणसाची कुणाला आठवण येते? तेही मी आत जाऊन टाइप केलं. तेवढं लहान होतं. बाकीचं रात्रीवर टाकलं, आणि रात्री ते राहून गेलं. सतरा दिवसांनी सकाळी दाढी करताना दादा गेले.

संध्याकाळी फिजिओबाईंकडे जायचं होतं. नसते गेले तरी चाललं असतं, पण घरी लवकर पोचायचं नव्हतं. फिजिओबाई वयाने माझ्या निम्म्या असतील आणि दटावतात मात्र आईसारख्या. आधी दोन्ही तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावून मिनिटभर धरायला लावलं. अर्ध्या मिनिटातच बोटं पेटली. मग डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने एकेका बोटाला स्पर्श करू लागल्या. कोणतं बोट ते मी सांगायचं. "आता?" "करंगळी." "आता?" मी गप्प. "आता?" "बाई, तुम्ही हात लावला तर सांगेन की," मी म्हटलं. डोळे उघडले तेव्हा बोळा माझ्या तर्जनीवरच टेकलेला होता. "शस्त्रक्रियेचं आता मनावर घ्या," त्या म्हणाल्या. "चेष्टेवारी नेऊ नका. उशीर झाला तर ही बोटं कायमची अशी राहतील. घरी टायपिंग करत नाही ना?" "कमी केलंय." "छान. ते एक चांगलं केलंत," त्या म्हणाल्या आणि माझ्या कागदावर तसं लिहिलं. मी तिथल्या उंच बाकावर बसून रडले. त्यांना वाटलं शस्त्रक्रियेला घाबरले. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि सांगितलं की वीस मिनिटांचं काम असतं, काही कळतसुद्धा नाही.

परत येताना मी वाक्यं जुळवत होते. दादांचं बोलणं मला इतकं पाठ आहे, की त्यांच्या तोंडी मी काहीही घालू शकते आणि ते त्यांचंच वाटेल. जुन्या गोष्टी म्हणजे सायकलची गोष्ट, असं लिहिलं तरी खपलं असतं. दोघा भावांनी एकच सायकल आळीपाळीने चालवत शाळा गाठली ती गोष्ट दादा दर खेपेला सांगायचे. किंवा माफीचंही लिहायचं, पण नीटनेटकं, मधे गाळलेली पाच मिनिटं भरून काढून, आणि शेवटी दादा हलके होऊन गेले असं काहीतरी. नवरा ते वाचून रडला असता, आणि त्याला ते रडणं मिळायला हवं होतं. त्याच्या हसण्याचा भाग काय, तो मला एकटीलाच माहीत. दादा गेले, मीही एक दिवस जाईन, मग कोण सांगणार आहे? आपलेच दात आणि आपलेच ओठ, झाकलं तर काय बिघडलं? असं मी भाजीवाल्याच्या दुकानापर्यंत ठरवलं, आणि तिथून घरापर्यंत त्याच्या उलट ठरवलं, आणि दाराशी आले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

तो टेबलाशी बसला होता. लॅपटॉप उघडा, दिवा लावलेला. माझ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली होती, म्हणजे कोपर कीबोर्डच्या वर येतो आणि मनगट वाकत नाही. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "हात दुखत असतील तर उद्या," तो म्हणाला. मी पट्टे सोडले आणि बसले. टाइप केलं: त्या दिवशी दादा जे बोलले ते मी लिहिलं नाही. हात दुखत होते हे खरं आहे. पण उजवा हात मी दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीसाठी राखून ठेवला होता, हेही खरं आहे. तो अक्षरं उमटतील तशी वाचतो, बोलण्यासारखीच. मी थांबले की थांबतो. मी थांबले नाही. गुडघा टाइप केला, थांबावं लागण्याचं टाइप केलं, अंधारातलं बोलणं टाइप केलं, राग टाइप केला. 'मी तुला टाकलं' हे लिहिताना बोट दोनदा चुकीच्या बटणावर गेलं. खोडून पुन्हा लिहिलं. मग लिहिलं: यानंतरही ते बोलले, पाच-दहा मिनिटं. ते मला आता आठवत नाही. मी ऐकलं होतं. काहीतरी भरून लिहिता येईल, पण ते दादांचं नसेल. एवढं झाल्यावर माझे हात टेबलावरून खाली आले. हसण्याचं मी लिहिलं नव्हतं. लिहिणार होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही.

तो बराच वेळ वाचत राहिला. वर जाऊन पुन्हा खाली आला. मग सकाळची फाइल त्याने शेजारी उघडली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "तू तेव्हा हे लिहिलंस." मी मान डोलावली. "आणि मी हसलो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की अकरा वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. त्याला स्वतःला ते कळणं शक्य नव्हतं. मला लिहिता आलं असतं की दादांनी मनाला लावून घेतलं नाही. तेवढ्यापुरते हात शाबूत होते. मी लिहिलं, हो. "त्याला वाटलं असेल, मी हे सगळं वाचून हसलो." हो. "मग तो?" मी लिहिलं: तेही हसले. मग मला विचारलं, सगळं लिहिलंस ना. मी म्हटलं, लिहिलं.

त्याने ते वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे केला आणि लॅपटॉप मिटवला, हळू, आवाज न करता, आणि मिटलेल्या झाकणावर दोन्ही तळवे ठेवून डोळेही मिटून घेतले. मी त्याच्या दंडाला हात लावला. त्याने दंड काढून घेतला नाही, पण डोळे उघडले नाहीत. "चुकलं माझं," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. ते टाइप करायचं राहूनच गेलं होतं, आणि आता खोलीत ते ऐकणारी मी एकटीच होते.